लिबरऑफिस इन्स्टॉल करताना फाइल प्रकारांच्या चौकटींवर टिक करावी का?

संगणकावर आधीपासून मायक्रोसॉफ्ट ऑफिस असताना लिबरऑफिस (तशीच कामे करणारा मोफत प्रोग्रॅम-संच) इन्स्टॉल करायला घेतले, तेव्हा वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या फायली यापुढे लिबरऑफिसमध्ये उघडायच्या का असे विचारले गेले, आणि ‘हो’ म्हटल्यास जुन्या फायली बिघडतील का, अशी आपली शंका आहे. फायलींना काहीही होत नाही. टिक केल्याने बदलते ती फक्त विंडोजकडची नोंद: नावातल्या टिंबानंतर अमुक अक्षरे दिसली, तर डबल क्लिक झाल्यावर कोणता प्रोग्रॅम सुरू करायचा.

माझ्या मते घोळ त्या प्रश्नाच्या शब्दरचनेत आहे. ‘या फायली उघडायच्या का’ असे वाचल्यावर, टिक केली नाही तर त्या उघडणारच नाहीत, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात सर्व चौकटी रिकाम्या ठेवल्या तरी फाइलवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’ निवडले, की ती लिबरऑफिसमध्ये उघडता येते. मी स्वतः पहिल्यांदा सगळीकडे टिक केली होती. फायलींचे ओळखीचे निळे-हिरवे आयकॉन बदललेले पाहून घरच्यांनी ‘माझे सगळे काम गेले’ म्हणून मला हाक मारली. काम जिथल्या तिथे होते, चित्र तेवढे बदलले होते.

विंडोज १० आणि ११ मध्ये आणखी एक गंमत आहे. तिथे डीफॉल्ट, म्हणजे डबल क्लिकला आपोआप उघडणारा प्रोग्रॅम, ठरवण्याचा अधिकार वापरकर्त्याकडे राखलेला असल्यामुळे टिक करूनही पुष्कळदा काहीच बदलत नाही, किंवा पुढच्या डबल क्लिकला ‘ही फाइल कशात उघडू’ अशी खिडकी समोर येते.

खरी काळजी घ्यायची ती सेव्ह करताना. वर्डची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडून सेव्ह केली, की ती त्याच स्वरूपात ठेवायची की ओडीएफमध्ये (लिबरऑफिसच्या नेहमीच्या फाइल-स्वरूपात), असे विचारले जाते. फाइल पुढे वर्ड वापरणाऱ्याकडे जाणार असेल, तर मूळचेच स्वरूप ठेवावे, आणि तरीही गुंतागुंतीचे तक्ते किंवा मॅक्रो (फाइलमध्ये साठवलेले, कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) असलेल्या फाइलची प्रत आधी काढून ठेवावी, कारण मांडणी थोडी सरकू शकते.

आपण केवळ वापरून पाहत असाल, तर चौकटी रिकाम्या सोडा. टिक करून बसला असाल, तर फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ओपन्स विथ’समोर ‘चेंज’ हे बटण असते. तिथे वर्ड निवडले, की त्या प्रकारच्या सर्व फायली पुन्हा वर्डमध्ये उघडू लागतात. एक्सेल आणि पॉवरपॉइंटसाठी मात्र हेच वेगवेगळे करावे लागेल.