ट्रॅक डेला पोलो 1.0 टीएसआय तापते, वॉटरलेस कूलंट टाकू का?

तुम्ही लिहिलंय की गाडी स्टेज 1 रिमॅपची आहे (म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली), कोइम्बतूरच्या कारी रेस ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या लॅपला कूलंट 115 अंशांवर जातं आणि मेकॅनिकने वॉटरलेस कूलंट सुचवलंय.

माझं उत्तर: नका टाकू. कूलंट टँकच्या चांगल्या झाकणाने दाब धरला तर तुमचं 50-50 (अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल) कूलंट 115 ला उकळतच नाही. 1.1 बारच्या दाबाखाली ते साधारण 129-130 अंशांना उकळतं, 1.4 बारला आणखी पाच-एक अंश वर. तुमची अडचण उष्णता बाहेर न पडण्याची आहे, आणि त्या कामात वॉटरलेस कमी पडतं.

वॉटरलेस म्हणजे जवळपास नुसतं ग्लायकॉल (इथिलीन, प्रॉपिलीन किंवा दोन्ही) आणि गंजरोधक रसायनं. इव्हान्स हा त्यातला सगळ्यात जुना-जाणता ब्रँड. उकळबिंदू 190 अंशांच्या आसपास, तोही बिनदाबाचा. पण पाण्याची विशिष्ट उष्णता (एक किलो द्रव एक अंश तापवायला लागणारी उष्णता, किलोज्यूलमध्ये) 4.2, 50-50 मिश्रणाची सुमारे 3.5 आणि नुसत्या इथिलीन ग्लायकॉलची 90 अंशांना जेमतेम 2.7. म्हणजे पंपाने तेवढेच लिटर फिरवले तरी 50-50 च्या मानाने जवळपास पाचवा हिस्सा उष्णता कमी उचलली जाते. शिवाय त्या तापमानाला ते मिश्रणाच्या तिप्पट घट्ट असतं, त्यामुळे पंपातून कमी वाहतं आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत हवा तसा खळखळाट होत नाही. हेड (सिलिंडरवरचं झाकण, जिथे व्हॉल्व्ह असतात) आधीपेक्षा गरम चालतं. वर धोका असा, की कूलंट उकळत नाही म्हणून वाफ नाही, टँक उतू जात नाही, आणि हेड मुकाट्याने तापत राहतं.

तुमच्या इंजिनात आणखी एक भानगड आहे. या टीएसआयचा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) इनटेक मॅनिफोल्डमध्ये बसवलेला आहे आणि तो कूलंटवर चालतो. त्या कमी तापमानाच्या सर्किटला छोटा इलेक्ट्रिक पंप आहे, पण एक्स्पान्शन टँक (कूलंट भरायची टाकी) सामाईक. म्हणजे टाकलेलं ग्लायकॉल तिथेही जाणार. त्या छोट्या पंपाला घट्ट द्रव ढकलावा लागणार, इनटेकची हवा जास्त गरम राहणार आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे ओढणार. रिमॅपचे पैसे मोजून मिळवलेली ताकद अशी परत जाते.

वॉटरलेसचा फायदाच नाही असं नाही. गाडी बंद केल्यावर टर्बोच्या बेअरिंगभोवती किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपाशी वाफेचे कप्पे होत नाहीत. सिस्टिममध्ये दाब जवळपास नसतो, त्यामुळे होजवर ताण येत नाही, आणि गंज जवळजवळ थांबतो. वर्षातून चारदा बाहेर निघणाऱ्या जुन्या गाडीला, जिचं झाकण मुळातच कमी दाबाचं आहे, मी ते आनंदाने सुचवेन.

पण तिथेही ते नीट भरणं हेच खरं काम. इव्हान्सची अट आहे की सिस्टिममध्ये पाणी 3 टक्क्यांच्या आत हवं. सिस्टिम 7 लिटरची धरा: 3 टक्के म्हणजे 210 मिली, दोन-तीन कटिंग चहाचे ग्लास. नुसती खालची होज काढून पाणी सोडलं तर त्याहून जास्त पाणी हेटर कोअर आणि ब्लॉकच्या खोबणींत राहतं. म्हणून हेटर पूर्ण गरमवर ठेवायचा, ब्लॉकचा ड्रेन प्लग असेल तर तो उघडायचा, थर्मोस्टॅट काढायचा, कमी दाबाची पण भरपूर हवा मारून सगळं कोरडं करायचं, मग प्रेप फ्लुइड (उरलेलं पाणी ओढून घेणारा द्रव) भरून इंजिन गरम करून तेही काढायचं, आणि शेवटी कूलंटमध्ये किती पाणी उरलंय ते रिफ्रॅक्टोमीटरने तपासायचं. 10 टक्के पाणी राहिलं तर 190 चा उकळबिंदू 140 च्या आसपास येतो. आणि खंडाळ्याच्या घाटात होज फुटली, कोणी बिसलेरीची बाटली ओतली, की सगळी मेहनत पहिल्यापासून.

आगीचाही विचार करा. नुसतं ग्लायकॉल साधारण 400 अंशांना आपोआप पेट घेतं आणि ट्रॅकवर टर्बोचं एक्झॉस्ट हाऊसिंग त्याच्या बरंच वर असतं. मिश्रणातलं पाणी आधी वाफ होऊन थोडंफार सांभाळून घेतं, इथे ते नाही. ग्लायकॉल सांडलं की ट्रॅक निसरडा होतो. म्हणूनच मोटारसायकल सर्किट रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत कूलंट म्हणून साधं पाणी किंवा पाणी-अल्कोहोल एवढंच चालतं. कार ट्रॅक डेचे नियम आयोजकांना आधी विचारा.

आता तुमच्या गाडीचं. आधी नवीन टँकचं झाकण घ्या, सगळ्यात स्वस्त भाग तोच आणि बहुतेकदा दोषीही तोच. प्रेशर टेस्टरने 1 बार भरून पंधरा मिनिटं काटा पाहा. काटा उतरला तर गिअरबॉक्सच्या बाजूला असलेल्या पंप-थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक हाऊसिंगच्या सांध्यावर गुलाबी-जांभळी सुकलेली पापडी शोधा. हेड गॅस्केटची शंका असेल तर ब्लॉक टेस्टर (निळ्या द्रावणाची नळी) टँकच्या तोंडावर धरा. निळं द्रावण पिवळं झालं तर सिलिंडरमधला जळका गॅस कूलंट सिस्टिममध्ये येतोय, मग बाकीचं सगळं थांबवा.

त्यानंतर बंपर काढा. एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत धूळ-किड्यांचा जाड थर बसलेला असतो, समोरून कधीच दिसत नाही. इंजिनच्या बाजूने साध्या नळाच्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर जवळ नेला तर फिन्स आडव्या पडतात. कडेच्या फटी दाट फोमच्या पट्ट्यांनी बुजवा, म्हणजे आत शिरलेली हवा रेडिएटरमधूनच जाईल. बॉनेटची मागची बाजू वॉशर टाकून उचलू नका. वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे गरम हवा बाहेर जायच्या ऐवजी अडते.

कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रकारचंच, 40 टक्के, बाकी डिस्टिल्ड वॉटर. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न नाही, पण मॅन्युअलमधल्या किमान प्रमाणाच्या खाली गेलात तर गंजरोधक कमी पडतं. व्हॅक्यूम फिलरने (आधी हवा ओढून घेऊन मग कूलंट भरणारं साधन) भरा. या दोन सर्किटच्या सिस्टिममध्ये हाताने भरताना हवा हमखास अडकते. ट्रॅकवर एसी बंद, तीन जोरदार लॅप, एक सावकाश. ओबीडीवर (गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टला जोडलेल्या रीडरवर) कूलंट 110 अंश दिसलं की पाय उचला. एवढं करूनही तापली तर मोठा रेडिएटर लावा, तो खर्च सार्थकी लागतो.

काढलेलं जुनं कूलंट ट्रेमध्ये उघडं ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री ते चाटतात, आणि थोडंसंही त्यांची मूत्रपिंडं निकामी करायला पुरतं.