परदेशी अ‍ॅपवर बंदी? घाला, पण कारण लिहून द्या

तुम्ही विचारलंय की परदेशी मालकीच्या सोशल मीडिया अ‍ॅप्सवर सरकारने बंदी घालावी का. पुढे असंही म्हटलंय की अमेरिकेनेसुद्धा टिकटॉकच्या बाबतीत तेच केलं, मग आपलं काय चुकलं, आणि आता टिकटॉक परत येऊ द्यावं का.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बंदीचा अधिकार सरकारकडे हवाच. पण निव्वळ मालक कुठला एवढंच बघून तो वापरू नये आणि वापरलाच तर आदेश कारणांसकट लोकांसमोर ठेवावा. मी दादर-परळ भागातल्या छोट्या दुकानदारांची इन्स्टाग्राम-फेसबुकची कामं करतो. म्हणजे माझं पोट परदेशी अ‍ॅप्सवरच चालतं, तेव्हा माझं म्हणणं त्या हिशेबाने वाचा.

२९ जून २०२०. गलवानमध्ये चिनी सैन्याशी झटापटीत आपले २० जवान गेले त्याला दोन आठवडे झाले होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ५९ चिनी अ‍ॅप्स बंद झाली, त्यात टिकटॉक. राग सगळ्यांनाच होता, मलाही होता. तेव्हा हिंदमाताला माझं एक साडीचं दुकान होतं, म्हणजे गिऱ्हाईक. लॉकडाऊनमुळे शटर खाली. मालकांची मुलगी घरातच मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून नऊवारी नेसायचे व्हिडिओ करायची. काष्टा नेमका कुठून काढून कुठे खोचायचा हे ती इतकं सावकाश दाखवायची की बायका खाली किंमत विचारायच्या आणि ऑर्डरी यायच्या. बंदीनंतर अ‍ॅप उघडलं की फक्त सरकारी आदेशाची सूचना. व्हिडिओ गेले ते गेले, पण किंमत विचारणाऱ्यांचे मेसेजही गेले. कुणाला परत फोन करायचा ते कळायला मार्ग नव्हता.

पुढे काय झालं? दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केलं. सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आले. मोज, जोश, चिंगारी अशी देशी अ‍ॅप्सही होती, काहींनी जोरही धरला, पण हिंदमाताचं गिऱ्हाईक अखेर इन्स्टाग्रामवरच स्थिरावलं. चाळ तीच, भाडेकरू तेच, घरमालक तेवढा बीजिंगचा जाऊन कॅलिफोर्नियाचा आला आणि पागडी नव्याने भरावी लागली. २०१८ साली केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात फेसबुकवरच्या ८ कोटींहून जास्त लोकांची माहिती बाहेर गेल्याचं उघड झालं होतं. तेव्हा मालक चिनी नव्हता.

चिनी कंपन्यांबद्दलची शंका खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्यानुसार तिथल्या प्रत्येक संस्थेने सरकारच्या गुप्तचर कामाला मदत करणं बंधनकारक आहे. अमेरिकी सरकारही कंपन्यांकडून माहिती घेतं, त्यांच्याच गुप्तचर यंत्रणेत काम केलेल्या स्नोडेनने २०१३ मध्ये ते चव्हाट्यावर आणलंच. फरक इतकाच की अमेरिकेत कंपनी सरकारला कोर्टात खेचू शकते. बीजिंगमध्ये तसं करून कंपनी टिकेल असं मला वाटत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या, लष्कराच्या फोनवर अशी अ‍ॅप्स नकोत, यावर तर वादच नको.

अमेरिकेने तेच केलं, हे मात्र पटत नाही. तिथे एप्रिल २०२४ मध्ये संसदेने कायदा केला: टिकटॉक चिनी मालकाने विकावं, नाहीतर बंद करावं. कंपनी कोर्टात गेली, सरकारला आपली बाजू मांडावी लागली आणि १७ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने कायदा उचलून धरला. नंतर ट्रम्प यांनी मुदतीवर मुदत देऊन त्याचं जे केलं तो वेगळाच तमाशा. तरी कारणं कागदावर होती, कुणालाही वाचता येत होती. आपल्याकडे प्रसिद्धिपत्रक निघालं. मूळ आदेश गोपनीय, कारण कलम ६९-अ कसं वापरायचं ते सांगणाऱ्या २००९ च्या नियमांतला नियम १६ तशी मुभा देतो.

आपल्या भागातल्या लोकांनी तरी हे विसरू नये. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती. एकीने लिहिलं, दुसरीने नुसतं लाईक केलं. त्यातूनच पुढे सुप्रीम कोर्टात श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि २०१५ मध्ये ऑनलाइन लिहिण्याबद्दल अटक करू देणारं त्याच कायद्यातलं कलम ६६-अ रद्द झालं. त्याच निकालाने ६९-अ कायम ठेवलं, पण कारणं लेखी नोंदवावी लागतात म्हणजे त्यांना आव्हान देता येतं, या आधारावर. आता नोंदवलेली कारणं दाखवायचीच नसतील तर आव्हान कशाला द्यायचं?

नेपाळचं उदाहरण ताजं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नोंदणी केली नाही म्हणून तिथल्या सरकारने २६ प्लॅटफॉर्म एकदम बंद केले, त्यात व्हॉट्सअ‍ॅपही. आमच्या सोसायटीचा नेपाळी वॉचमन रोज रात्री गेटवर बसून गावाकडच्या बायकोशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. त्या दिवसांत तो साध्या फोनवर मिनिटांचे पैसे मोजत दोन वाक्यांत आटपायचा. मग तरुण रस्त्यावर उतरले, पहिल्याच दिवशी १९ जण मेले आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. भ्रष्टाचाराचा राग आधीपासून होताच, हे खरं. पण काडी बंदीने लावली.

अटी घालून काम होतं हे आपणच दाखवून दिलंय. शीन हे कपड्यांचं चिनी अ‍ॅप त्याच ५९ मध्ये होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते रिलायन्स रिटेलच्या हातून परत आलं, माहिती भारतातच ठेवायच्या अटीवर. मोठा भागीदार मिळाला की दार उघडतं, असाही याचा अर्थ निघतो, आणि मला तो खटकतो.

टिकटॉक परत यावं का? माझ्या मते आत्ता नको. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला मे २०२७ उजाडेल. त्यात ठरावीक देशांत माहिती पाठवण्यावर निर्बंध घालायची सोय आहे. सरकारी यंत्रणांना त्यातून सूट मिळण्याची पळवाटही आहे, ती आधी बुजवा. मग टिकटॉकला यायचं असेल तर लेखी अटींवर येऊ दे: माहिती इथे, तपासणी इथल्यांकडून, मोडलं तर दंड. तोच कागद त्याच दिवशी मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक) आणि गुगललाही पाठवा. बंद करायची वेळ आलीच तर निदान महिनाभराची मुदत द्या, म्हणजे दुकानदारांना आपले मेसेज आणि गिऱ्हाइकांचे नंबर उतरवून घेता येतील.