फी भरण्याआधी उंची मोजा

पत्र (थोडक्यात): मुलगी यंदा कला शाखेतून बारावी झाली, ७१ टक्के. लहानपणापासून फौजदार व्हायचं डोक्यात आहे. एका खासगी कॉलेजचा माणूस घरी येऊन गेला. 'पोलीस प्रशासन व गुन्हेगारीशास्त्र' अशी तीन वर्षांची पदवी, फी सगळी मिळून साडेतीन लाख, पीएसआय भरतीत प्राधान्य मिळतं म्हणाला. मुलगी काटक आहे, उंची १५४ सेंमी, रोज पळते. द्राक्षांचे पैसे आलेत. भरू का?
– एक पालक, तासगाव तालुका

नमस्कार,

भरले नसतील तर थांबा.

प्राधान्य वगैरे काही नसतं. एमपीएससीच्या पीएसआय परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी चालते. मराठी घेऊन बीए झालेली आणि गुन्हेगारीशास्त्र घेऊन बीए झालेली, दोघी एकाच रांगेत.

पण त्याहून मोठी गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात. पीएसआयसाठी मुलींची उंची किमान १५७ सेंमी लागते, पोलीस शिपायासाठी १५५, तीही अनवाणी. घरी दाराच्या चौकटीला टेकवून मोजली असेल, तर सकाळी सरकारी दवाखान्यात नीट मोजून घ्या. सकाळी माणूस जरासा जास्त भरतो. त्यात शिपाई भरतीचं दार किलकिलं झालं तर झालं, पीएसआयचं होणार नाही. गंमत म्हणजे यूपीएससीतून आयपीएसला मुलींसाठी अट १५० ची आहे. वाट लांबची, पण तिच्यासाठी बंद नाही. साडेतीन लाख मागायला आलेल्या माणसाने हे विचारलंसुद्धा नाही, याचा मला राग आला.

आता मुलीचं. तिला वर्दी हवी आहे की गुन्ह्याचा छडा कसा लागतो ते हवंय? अठराव्या वर्षी हा फरक कुणालाच सांगता येत नाही, म्हणून मी मुलांना एक काम देतो. सांगलीच्या जिल्हा न्यायालयात दोन-तीन दिवस मागच्या बाकावर जाऊन बसायचं. लैंगिक अत्याचारासारखे काही खटले सोडले तर सुनावणी सगळ्यांना खुली असते. फोन बंद, वही उघडी.

तिथे तिला दिसेल की तपास अधिकारी साक्षीला उभा आहे आणि आरोपीचा वकील शांतपणे विचारतोय: पंचनामा किती वाजता सुरू झाला? स्टेशन डायरीत नोंद कितीची? मुद्देमालाच्या पाकिटाला लाखेचं सील कुणी लावलं, पंचांसमोर लावलं का? तेवढ्यात पंच म्हणतो, 'साहेबांनी सांगितलं म्हणून सही केली, काय लिहिलंय वाचलं नाही.' पंच फितूर, आणि महिनोन् महिन्यांची मेहनत तिथे डगमगायला लागते. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरण कायद्यानेच सक्तीचं केलंय, त्याचं एक कारण हेही. हे बघून ती कंटाळली, तर तिला वर्दीच हवी आहे. मग जवळच्या कॉलेजात साधी बीए करावी आणि स्पर्धा परीक्षेला लागावं. घरी येऊन तीच तीच उलटतपासणी सांगत बसली, तर तिला हा विषय खरंच शिकवा.

तसं असेल तर मी पाच वर्षांचं लॉ सुचवेन, सीईटी देऊन. पुढे काही वर्षं वकिली करून सरकारी अभियोक्ता, म्हणजे सरकारी वकील, होता येतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात विधी तथा परिविक्षा अधिकारी (मुलांच्या प्रकरणांतलं कायद्याचं आणि देखरेखीचं काम बघणारे) असतात, मात्र ती पदं बहुतेक कंत्राटी, हे आधीच सांगून ठेवतो. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये (टिस) गुन्हेगारी आणि न्याय या विषयात पदव्युत्तर शिक्षण आहे. फॉरेन्सिक सायन्स विसरा, त्याला बारावी सायन्स लागतं.

एवढं करूनही ते खासगी कॉलेजच हवं असेल, तर तिथल्या मास्तरांना एक प्रश्न विचारा: खुनाला कलम कुठलं? नुसतं '३०२' म्हणाले तर चहा पिऊन उठा. ३०२ हे जुन्या भारतीय दंड संहितेचं; १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, खून आता १०३ मध्ये. (कोर्टात मात्र तिला दोन्ही आकडे ऐकू येतील, कारण त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांवर चालतात. गोंधळू नको म्हणावं.)

आणि एक. पत्र तुम्ही लिहिलंत. कोर्टातून आल्यावर पुढचं तिला लिहू द्या.