डिपस्टिकवरचं वाढलेलं ऑइल

प्रश्न : माझ्या होडीत दोन सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन आहे. दोन महिन्यांपासून इंजिनाखालच्या ट्रेमध्ये डिझेल साचतंय. बंद असताना गळत नाही, पण चालू केलं की पाच-दहा मिनिटांत थेंब पडायला लागतात. नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपांचे नट आवळून झाले, तांब्याचे वॉशर बदलून झाले. एकदा तर इंजिन चालू ठेवून पाइपांवरून बोट फिरवून कुठे ओलं लागतंय तेही पाहिलं. थेंब स्टार्टरखालून पडतात, पण तिथे डिझेलचा एकही पाइप नाही. सकाळी इंजिन सुरू व्हायला वेळ लागतो आणि नंतर थोडा वेळ ते गचके खातं. बाकी तब्येत उत्तम. ऑइल तर अजिबात खात नाही, उलट मागच्या सर्व्हिसनंतर डिपस्टिकवर वरच्या खुणेच्याही थोडं वरच दिसतंय. गळती कुठून होत असेल?

उत्तर : पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. इंजिनाचं ऑइल कमी होईल किंवा आहे तेवढं राहील. ते वाढलं, तर त्यात काहीतरी मिसळतंय. पाणी मिसळलं असतं तर ऑइल दुधाळ झालं असतं आणि ते तुमच्या नजरेतून सुटलं नसतं. म्हणून माझा संशय डिझेलवर आहे. डिपस्टिकचा वास घ्या. मग नव्या ऑइलचा एक थेंब आणि हा थेंब चिमटीत आळीपाळीने चोळून पाहा. डिझेल मिसळलेल्या ऑइलला चिकटपणा उरत नाही, बोटं लगेच एकमेकांना घासतात.

तसं निघालं, तर गळती थांबवून ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलेपर्यंत इंजिन चालू करू नका. पातळ ऑइलने बेअरिंगं झिजतात हा एक भाग झाला. दुसरा भाग जास्त भीतीदायक आहे. चेंबरमधली, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथली, पातळी फार चढली की ऑइल ब्रीदरच्या (चेंबरमधली वाफ सोडणाऱ्या नळीच्या) वाटेने हवेबरोबर सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि इंजिन त्याच्यावरच पळायला लागतं. मग स्टॉपची तार ओढूनही ते थांबत नाही, कारण पंपातून येणारं डिझेल तोडलं तरी त्याला जळण दुसरीकडून मिळतंय. अशा वेळी हवेची वाट बंद करणं हाच उपाय उरतो, आणि किंचाळणाऱ्या इंजिनाजवळ जाऊन ते करायची वेळ कुणावरही येऊ नये.

आता त्या फिरवलेल्या बोटाबद्दल. पुन्हा कधीही तसं करू नका. जुन्या साध्या इंजिनातही नोझल १२० ते २५० बार दाबाला उघडतो, आणि गाडीच्या टायरात असतो जेमतेम २ बार. या पाइपाला केसाएवढी चीर गेली तर तिथून निघणारी धार डोळ्यांना दिसतही नाही, पण कातडी भेदून डिझेल आत घुसवते. बाहेरून सुई टोचल्यासारखा एक ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आतलं मांस मरत जातं. असं झालं तर दुखायची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठायचं आणि ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. बोट वाचवायला शस्त्रक्रिया लागते आणि तिथे तासांचा हिशेब असतो. चालू इंजिनात धार शोधायची असेल तर लांबून पुठ्ठा धरा, डोळ्यांवर चष्मा असू द्या.

स्टार्टरचं कोडं मला चांगलंच ओळखीचं आहे. एका इंजिनावर असेच थेंब स्टार्टरवर पडत होते. मी स्टार्टर उतरवला, त्याच्या वरचे सगळे सांधे उघडून परत बसवले, पूर्ण दोन दिवस गेले. गळती निघाली इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला, रिटर्नच्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) पाइपाच्या बँजो बोल्टमधून, म्हणजे पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टमधून. डिझेल पाइपाच्या पोटाखालून सरकत वायरिंगच्या जुडग्यावर उतरायचं आणि वायर जिथे स्टार्टरकडे वळते तिथे सुटायचं. जुडगा वरून पाहिला तर कोरडा, धूळसुद्धा तशीच. इंजिन बंद करून खालून चिंधी फिरवली, तेव्हा ती ओली झाली.

तेव्हापासून मी आधी पाना उचलत नाही. आधी इंजिन धुतो आणि अगदी कोरडं करतो. नंतर प्रत्येक सांध्याला पांढऱ्या टिश्यूची पट्टी गुंडाळतो, मात्र इंजिनाच्या बेल्टजवळ किंवा फिरणाऱ्या भागाजवळ नाही. अवघड कोपऱ्यात टाल्कम पावडर भुरभुरतो. मग दहा मिनिटं इंजिन चालवायचं, बंद करायचं आणि बॅटरीच्या उजेडात वरून खाली बघत यायचं. डिझेल खाली कुठेही जाईल, वर चढणार नाही. त्यामुळे सगळ्यात वरची ओली जागा हीच गळतीची जागा. तुमच्या बाबतीत गळती सापडण्याआधी इंजिन चालवायची मुभा या तपासणीपुरतीच, तीही ऑइल बदलल्यानंतर, आणि दहाच मिनिटं.

पण त्याच्याही आधी एक जागा पाहा : फीड पंप. टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे पाठवणारा, इंजिनाच्या कुशीला दोन बोल्टांवर बसवलेला, हाताने हलवायची छोटी दांडी असलेला. त्याच्या आत रबरी डायफ्रॅम असतो आणि बऱ्याच पंपांच्या अंगाला, डायफ्रॅमच्या खाली, एक बारीक छिद्र असतं. रबर फाटलं की डिझेल त्या छिद्रातून बाहेर येतं. आतलं सील गेलेलं असेल तर तेच डिझेल चेंबरमध्येही उतरतं. तुमची सगळी लक्षणं इथे जुळतात. ट्रेमधले थेंब आणि वाढलेलं ऑइल तर झालंच. टाकी बहुधा इंजिनाच्या पातळीखाली असावी, म्हणून बंद असताना गळत नाही. उलट त्या वेळी फाटलेल्या जागेतून हवा आत शिरते, डिझेल टाकीकडे मागे उतरतं आणि सकाळी इंजिन गचके खातं.

खात्री करायला इंजिन बंद ठेवून पंपाचा बाहेर जाणारा पाइप सोडा, तोंड बोटाने दाबून धरा आणि दांडी मारा. इथे दाब अगदी थोडा असतो, बोट लावायला हरकत नाही. छिद्रापाशी ओल आली की निकाल लागला. छिद्र कोरडं राहिलं, तरच इंजेक्शन पंपाच्या (दाब देऊन नोझलला डिझेल पाठवणाऱ्या पंपाच्या) शाफ्टचं सील, टपकणारा नोझल आणि (काही इंजिनांत) टॅपेट कव्हरखालून (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाखालून) जाणारा रिटर्न पाइप या वाटा तपासा.

डायफ्रॅमचं किट मिळतं, पण होडीसाठी मी पूर्ण पंप नवा बसवायला सांगेन. जुन्याची दांडी आणि व्हॉल्व्हही तितकेच झिजलेले असतात. जुन्या पंपात किट घालून तो सुट्या सामानात ठेवा. काम सुरू करण्याआधी टाकीचा कॉक बंद करा आणि तळाचं पाणी उपसणाऱ्या पंपाचा ऑटो स्विच बंद ठेवा, नाहीतर तळात सांडलेलं डिझेल सरळ बाहेरच्या पाण्यात जाईल. ते शोषक पॅडने टिपा. साबणाने फेसाळून बाहेर सोडू नका, त्याने तेल फक्त दिसेनासं होतं. नवा पंप बसवताना त्याचा आतला हात कॅमवर (पंप हलवणाऱ्या, इंजिनाच्या आत फिरणाऱ्या उंचवट्यावर) बरोबर टेकलाय ना ते पाहा. जोर लागत असेल तर बोल्ट आवळू नका, इंजिन थोडं फिरवून कॅमची सखल बाजू आणा.

मग एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपांत अडकलेली हवा, काढायची. आधी फिल्टरचा स्क्रू, नंतर इंजेक्शन पंपाचा, बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत दांडी मारत राहायचं. दांडी पोकळ लागली तर पंप खराब समजू नका, कॅम वर आलेला असतो, इंजिन एक फेरा फिरवा. आणि शेवटी नोझलचे नट सैल करून स्टार्टर मारताना समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा. इंजिन सुरू न होता नुसतं फिरत राहिलं की थंड करायचं पाणी सायलेन्सरमध्ये साचत जातं आणि उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. गळती दुरुस्त करताना अख्खं इंजिन गमावलेले लोक मी पाहिले आहेत. इंजिन पकडताक्षणी कॉक उघडा, चावीला तशी चिठ्ठीच बांधून ठेवा.

प्रश्न : गळणाऱ्या नटाच्या आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळली तर चालेल का? आणि तांब्याचा जुना वॉशर परत वापरता येतो का?

उत्तर : टेप नको. नोझलच्या पाइपाचा सांधा आट्यांवर बंद होत नाही, टोकाच्या शंकूवर होतो. टेपने गळती थांबत नाही आणि तिचा एखादा तंतू नोझलपर्यंत गेला तर नवं दुखणं. दोन्ही टोकांचे नट सोडा, शंकू पुसा, पाइप आपसूक जागी बसतोय ना पाहा, मग दोन पान्यांनी आवळा : एकाने खालचा भाग धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा.

वॉशर दाबला गेला की तांबं कडक होतं. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, पुन्हा मऊ पडतं. वरची काळी पापडी घासून काढा. खोल चर पडला असेल तर मात्र नवाच घ्या. उच्च दाबाचा पाइप तडकला तर झाळून वापरू नका, बदला. आणि पाइपांना एकत्र धरणारी क्लिप बहुतेक वेळा आधीच्या कुणीतरी काढून ठेवलेली असते. ती शोधून परत बसवा, नाहीतर थरथरीने नवा पाइपही त्याच जागी तडकेल.