वाचकांचे प्रश्न : विद्यार्थ्यांचा उपग्रह, त्यातले चुंबक आणि कार्यशाळेतला लेसर

पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्यांनी बनवलेला सुमारे एक किलो वजनाचा 'स्वयम्' हा उपग्रह 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 या यानातून अवकाशात गेला. हौशी रेडिओ वापरणाऱ्यांचे संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवणे हे त्याचे काम होते. या उपग्रहाविषयी आणि एकूणच महाविद्यालयीन प्रकल्पांविषयी आलेल्या पत्रांतली पाच या वेळी घेतली आहेत.

'स्वयम्'मध्ये ना मोटर होती ना इंधन. मग तो दिशा कशी धरत असे? आम्हीही तीच पद्धत घेणार आहोत. चुंबक केवढे असावे? – विद्यार्थी गट, सांगली

आत एक कायमचे चुंबक असते आणि त्याला काटकोनात मऊ चुंबकीय मिश्रधातूच्या बारीक सळया असतात. चुंबक पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेने वळते. पण नुसते चुंबक बसवले तर उपग्रह त्या दिशेभोवती झोके खात राहतो, कारण अवकाशात ते झोके थांबवणारे घर्षण नाही. ते काम सळया करतात. उपग्रह हलला की सळईतले क्षेत्र उलटसुलट होते आणि प्रत्येक फेऱ्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. यानातून सुटल्यावरची गिरकी शांत व्हायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात.

10 सेमी बाजूच्या घनाला 0.3 अँपिअर-चौरसमीटर एवढे चुंबकीय आघूर्ण (म्हणजे चुंबकाची ताकद) पुरते. निओडिमियमचा 6 मिमी व्यासाचा आणि 11 मिमी लांबीचा तुकडा एवढे देतो. वजन अडीच ग्रॅमच्या आत. पृथ्वीचे क्षेत्र 30 मायक्रोटेस्ला धरले तर उपग्रहाला वळवणारे आघूर्ण बल (टॉर्क) सुमारे 9 मायक्रोन्यूटन-मीटर येते. 500 किमी उंचीवरची विरळ हवा उपग्रहाला जे वळण देते त्याच्या शेकडो पटींनी हे जास्त आहे. म्हणून मोठे चुंबक घेण्याचा मोह टाळा. त्याने दिशा फारशी सुधारत नाही, सळया मात्र निकामी होतात.

खरी मेहनत सळयांवर करावी लागते. पर्मअ‍ॅलॉय जातीची (निकेल-लोखंडाच्या मऊ चुंबकीय मिश्रधातूची), 1 मिमी व्यासाची आणि साधारण 9 सेमी लांबीची सळई चालते. जाड आणि आखूड सळई घेऊ नका, तिच्या टोकांवरचे ध्रुव आतले क्षेत्र मारून टाकतात. सळया चुंबकाच्या बरोबर मध्यातून जाणाऱ्या, त्याच्या अक्षाला काटकोनातल्या प्रतलातच बसल्या पाहिजेत. चुंबकापासून 5 सेमीवर त्याचे स्वतःचे क्षेत्र सुमारे 240 मायक्रोटेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या आठपट. मधल्या प्रतलात ते सळईला आडवे पडते, म्हणून चालून जाते. सळई सेंटिमीटरभर वरखाली सरकली की त्याचा काही भाग सळईच्या लांबीने पडतो, ती आधीच भारली जाते आणि ऊर्जा खाणे जवळजवळ थांबते. मांडणीच्या नकाशात सर्किटला जागा करताना सळई 'थोडीशी' सरकवली जाते आणि बहुतेक गट इथेच फसतात. दोन समांतर सळयांमध्ये लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके तरी अंतर ठेवा.

सळई कापून, टोके घासून झाली की मगच तिला हायड्रोजनच्या वातावरणात 1100 अंश सेल्सियसच्या आसपास तापवून सावकाश थंड करून घ्यायचे. त्यानंतर ती वाकवायची नाही, कानस लावायची नाही, चिमट्यात आवळायची नाही. एकदा वाकली की गुणधर्म गेले.

चाचणी घरच्या घरी होते. 30 सेमी त्रिज्येची दोन कडी करा, प्रत्येकीवर तांब्याच्या तारेचे 30 वेढे घ्या आणि कडी एकमेकांपासून 30 सेमीवर ठेवा. 0.33 अँपिअर सोडला की मध्यभागी 30 मायक्रोटेस्ला मिळतात. सळईभोवती बारीक गुंडाळी घालून एवढ्याच क्षेत्रात तिचा वेटोळा आलेख (क्षेत्र उलटसुलट करताना सळई किती भारते याचा) काढा. कंपनीच्या पत्रकातला आलेख पूर्ण भारलेल्या सळईचा असतो. त्यावरून हिशेब केला तर ऊर्जेचा ऱ्हास कितीतरी जास्त दिसतो आणि सगळे आराखडे चुकतात.

अँटेनाचा विचारही याच वेळी करा. पुण्या-सांगलीच्या पट्ट्यात पृथ्वीचे क्षेत्र उत्तरेकडे आणि क्षितिजाखाली सुमारे 25 अंशांनी झुकलेले असते, त्यामुळे डोक्यावरून जाताना उपग्रह जवळजवळ आडवा असतो. सरळ दांड्यासारखा अँटेना चुंबकाच्या अक्षावरच लावला तर उपग्रह उत्तरेला असताना आवाज चांगला येतो, पण दक्षिणेला असताना दांड्याचे टोक तुमच्याकडे रोखले जाते आणि संकेत पडतो. केंद्रावरचा माणूस मग दोष रिसीव्हरचा समजून तो उघडून बसतो. आणखी एक: मोजपट्टीच्या पोलादी पातीचा अँटेना स्वस्त आणि लवचिक असला, तरी ते पोलाद चुंबकीय आहे. चुंबकाने दिशा धरणाऱ्या उपग्रहात बेरिलियम-कॉपरची पट्टी घ्या, स्क्रूही अचुंबकीय घ्या.

एका बाजूवरच्या सौर घटांतून 2.3 वॅट मिळतात. सहा बाजू म्हणजे जवळजवळ 14 वॅट. तरीही आमचे मार्गदर्शक म्हणतात की 3 वॅट खाणारा ट्रान्समीटर सतत चालणार नाही. असे का? – विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

मार्गदर्शकांचे बरोबर आहे. घनाच्या सहाही बाजूंवर एकाच वेळी ऊन पडत नाही, जास्तीत जास्त तीन बाजू उजळतात आणि त्याही तिरक्या. गिरक्या घेणाऱ्या घनाची सरासरी सावली एका बाजूच्या दीडपट असते, म्हणून उन्हात 3.4 वॅट धरा. 505 किमी उंचीवर एक फेरी सुमारे 95 मिनिटांची होते आणि त्यातली 36 मिनिटांपर्यंत पृथ्वीच्या सावलीत जातात. म्हणजे फेरीची सरासरी 2.1 वॅट. परिवर्तकात आणि तारांत पाचवा हिस्सा गेला की हातात 1.7 वॅट उरतात.

संगणक आणि सतत ऐकणारा रिसीव्हर मिळून 0.9 वॅट घेतील असे धरू. दर मिनिटाला 5 सेकंद ओळखसंकेत पाठवला तर सरासरी 0.25 वॅट जातात. त्यानंतर तुमच्या केंद्रावरून जाताना सात-आठ मिनिटे पूर्ण ताकदीने बोलायला काहीच अडचण नाही, कारण असे चांगले फेरे दिवसातून मोजकेच असतात. अडचण ओळखसंकेताची आहे. तो 5 ऐवजी 20 सेकंदांचा केला की सरासरी 1 वॅट त्यातच जातो आणि बॅटरी हळूहळू उतरत राहते. ते लगेच कळतही नाही.

बॅटरीला वर्षाला सुमारे 5,500 वेळा भरणे-उतरणे सोसावे लागते, म्हणून दर फेरीत क्षमतेच्या 20 टक्क्यांहून जास्त उतरवू नका. लिथियम-आयन घट शून्याखालच्या तापमानात भरू नका. ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचते, क्षमता कायमची जाते आणि पुढे घट आतून जोडला जाण्याचा धोका राहतो. तापमान 5 अंशांच्या खाली गेले की भरणे तोडणारे सर्किट हवेच, आणि ते संगणकाच्या भरवशावर नको.

अँटेना दोऱ्याने बांधून नायक्रोमच्या तारेने दोरा जाळतो. खोलीत तीन सेकंदांत सुटतो, शीतकक्षात उणे 20 अंशांना सुटतच नाही. – कोल्हापूर

तार बदलण्याआधी बॅटरीचा व्होल्टेज नोंदवा. 0.2 मिमी नायक्रोमच्या 3 सेमी तुकड्याचा रोध साधारण 1 ओहम असतो. थंडीत घटाचा अंतर्गत रोध वाढतो, तारेने प्रवाह ओढताच व्होल्टेज कोसळतो आणि संगणक पुन्हा सुरू होतो. सुरू झाल्यावर 'अँटेना बंद आहे' असे वाचून तो पुन्हा तार तापवतो आणि पुन्हा कोसळतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की तार तापतच नाही. तार 3.3 व्होल्टच्या नियंत्रित वाहिनीवर असेल तर तिथली प्रवाहमर्यादाही तोडत असेल.

तारेला थेट बॅटरीवरून स्वतंत्र मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) वीज द्या आणि वेळ मोजणारे सर्किट वेगळे ठेवा. घट 5 अंशांवर आला की मगच जाळायचे, म्हणजे शक्यतो उन्हात. दोऱ्याला छोट्या स्प्रिंगचा ताण द्या. ताण नसला तर दोरा वितळून तारेलाच चिकटतो. दोन वेगळ्या तारा दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि न सुटल्यास प्रत्येक फेरीत पुन्हा प्रयत्न होऊ द्या. शेवटची चाचणी निर्वातात करा. हवेत तारेची उष्णता हवा घेऊन जाते, निर्वातात तीच तार दोऱ्याआधी स्वतः तुटू शकते. आणि यानातून सुटल्यावर पहिली 30 मिनिटे काहीही उघडायचे नाही, 45 मिनिटे प्रक्षेपण करायचे नाही, हा क्यूबसॅटचा (10 सेमी घनाच्या मापाच्या छोट्या उपग्रहांचा) नियम घड्याळात आधीच बसवा.

माजी विद्यार्थ्यांच्या कामगिरीचा फलक करतो आहोत. सीओईपीच्या कुणाची नावे घ्यावीत? शिवाय आमच्या कार्यशाळेतल्या कार्बन डायऑक्साइड लेसरचे भिंग पावसाळ्यात धुरकटते, त्यावर उपाय? – कार्यशाळा निदेशक, रत्नागिरी

तुमचे दोन्ही प्रश्न एकाच माणसापाशी येतात. बारामतीत जन्मलेले कुमार पटेल सीओईपीत दूरसंचार शिकले, स्टॅनफर्डहून 1961 मध्ये पीएच.डी. झाले आणि 1964 मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला. तुमच्या यंत्रातली नळी त्याच कल्पनेवर चालते: विजेने नायट्रोजनचे रेणू कंप पावतात, ती ऊर्जा जवळजवळ तेवढ्याच पातळीवरचे कार्बन डायऑक्साइडचे रेणू घेतात आणि हेलियम त्यांना खालच्या पातळीवरून मोकळे करून थंड ठेवतो. फलकावर थॉमस कैलाथही हवेत. पुण्यातच जन्म, 1956 ची पदवी, पुढे स्टॅनफर्डला संकेतशास्त्र आणि नियंत्रणातले मूलभूत काम, 2007 मध्ये आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संघटनेचे मेडल ऑफ ऑनर. विश्वेश्वरय्यांपुढे 'बी.ई.' लिहू नका. 1883 ची त्यांची पदवी एल.सी.ई. होती. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की आपोआप उघडणारी त्यांची दारे 1903 मध्ये खडकवासल्याला बसली.

आता भिंग. कोकणात पावसाळ्यात हवेचा दवबिंदू 24-25 अंशांवर जातो. चिलर (नळीचे पाणी थंड करणारे यंत्र) 18 वर लावलेला असेल तर नळीवर आणि आरशांच्या बैठकीवर पाणी धरते. ओल्या काचेवरून उच्च दाबाची ठिणगी उडाली तर नळीच जाते. खोलीत दवबिंदू दाखवणारा आर्द्रतामापक लावा आणि पाणी त्याच्या 2 अंश वर ठेवा. पाणी 28 च्या पुढे जाऊ लागले तर मात्र ताकद घटते, तेव्हा खोलीच कोरडी करावी लागेल. भिंगावर येणारी हवा कॉम्प्रेसरमधून येत असेल तर पाणी आणि तेल अडवणारी गाळणी बसवा, बहुतेक धुरकटपणा तिथूनच येतो. झिंक सेलेनाइडचे भिंग शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भिंगाच्या कागदाने, न दाबता, एकाच दिशेने पुसा. तडकलेले भिंग फेकताना हातमोजे घाला, त्यातला सेलेनियम विषारी आहे. आणि विद्यार्थ्यांनी काहीही म्हटले तरी पीव्हीसी त्या यंत्रावर कापू देऊ नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुप्फुसे आणि यंत्राचे रूळ दोन्ही खातो.

तीन वर्षे झाली, दर जूनला निम्मा गट पदवी घेऊन जातो आणि नवे विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. उपग्रह सोडून द्यावा का? – प्राध्यापक, नाशिक

सोडू नका, पण आवाका कमी करा. 'स्वयम्'लाही सुमारे आठ वर्षे आणि विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या लागल्या. प्रत्येक भागावर एकाच वेळी दुसऱ्या, तिसऱ्या आणि शेवटच्या वर्षाचा किमान एकेक विद्यार्थी असलाच पाहिजे. प्रत्येक दोन पाट्यांमधल्या (सर्किट बोर्डांमधल्या) जोडणीचा एक कागद ठेवा: पिनचा क्रमांक, व्होल्टेज, जास्तीत जास्त प्रवाह, कोण आधी बोलतो, किती वेळ उत्तराची वाट पाहायची. बदल केला की तारीख आणि कारण लिहायचे. कारण न लिहिल्यामुळेच नवा विद्यार्थी तोच बदल परत फिरवतो आणि जुनी चूक परत आणतो. फसलेल्या चाचण्यांची वही यशस्वी चाचण्यांपेक्षा जपून ठेवा.

पहिलाच प्रकल्प असेल तर स्वतंत्र उपग्रहाऐवजी इस्रोच्या पोएमचा विचार करा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुख्य काम झाल्यावर पीएसएलव्हीचा चौथा टप्पा सौर घटांसह कक्षेत प्रयोगशाळा म्हणून वापरतात. 30 जून 2022 च्या पीएसएलव्ही-सी53 पासून हे नाव आले. दिशा, वीज आणि संदेशवहन तो टप्पा सांभाळतो, तुम्ही फक्त उपकरण करायचे. तिरुवनंतपुरमच्या महिला अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थिनींचे 'वीसॅट' 1 जानेवारी 2024 रोजी असेच गेले. प्रवेश इन-स्पेस या केंद्र सरकारच्या अवकाश संस्थेमार्फत मिळतो. स्वतःचा रेडिओ ठेवणार असाल तर आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेचा फ्रिक्वेन्सी समन्वय आणि दिल्लीच्या डब्ल्यूपीसीचा (रेडिओ परवाने देणाऱ्या सरकारी विभागाचा) परवाना यांचे अर्ज पहिल्याच वर्षी भरा. यान तयार आणि परवाना नाही ही वेळ येऊ देऊ नका.

पेटीत भरण्याआधी सगळ्या पाट्या टेबलावर पसरून लांब तारांनी जोडा आणि वीजपुरवठा 59 मिनिटे चालू, 36 मिनिटे बंद असा सलग दोन आठवडे चालवा. घड्याळ उलटणे, स्मृती भरणे, आठव्या दिवशी अडकणारा रिसीव्हर असे दोष यातच सापडतात. या दोन आठवड्यांची राखण दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे द्या, कारण पुढची दोन वर्षे यंत्र त्यांच्याच हाती राहणार आहे.