पोर्टलवर न दिसणारं चलान : मुंबईत शोधायचं कुठे आणि भरायचं कुठे

प्रश्न थोडक्यात असा : स्कूटर वडिलांच्या नावावर, पासिंग एमएच ०३ चं. लोकअदालतीत हजर राहा असा मेसेज आलाय, थकबाकी २,५०० रुपये. पोर्टलवर मात्र ५०० चं एकच चलान दिसतंय. उरलेली कुठे शोधायची, कोर्टात जावं लागेल का, आणि एजंट ‘अर्ध्यात मिटवतो’ म्हणतोय त्याचं काय करायचं?

एजंटचं आधी उरकून टाकतो. त्याला दमडी देऊ नका. चलानाची रक्कम कमी करायचा अधिकार त्याला नाही आणि चौकीतल्या हवालदारालाही नाही. ती राज्य सरकारच्या अधिसूचनेने ठरते. असे लोक पैसे घेऊन एखाद्या चलानाची पावती हातावर टेकवतात. बाकीची तशीच लोंबकळत राहतात आणि ते गाडी विकायला काढल्यावर कळतं.

आता शोधायचं. एकाच गाडीच्या दंडाची नोंद तीन निरनिराळ्या दप्तरांत असू शकते : वाहतूक पोलिस, परिवहन खातं म्हणजे आरटीओ, आणि कोर्ट. ज्या दप्तरात ती आज आहे, तिथेच ती भरली जाते. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, कारण लोक एकच साइट उघडतात आणि तिथे ‘काही नाही’ दिसलं की निश्चिंत होतात.

सुरुवात महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलपासून करा. मुंबईत ई-चलान २०१६ पासून आहे आणि चौकातल्या कॅमेऱ्यांची, हवालदाराच्या हातातल्या मशीनची चलानं इथे येतात. गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. ते आरसीवर पाहून टाका, इन्शुरन्सच्या कागदावर भरवसा ठेवू नका. तिथे टायपिंगची चूक सर्रास असते. गाडी नंबर सलग लिहायचा, मध्ये जागा किंवा डॅश नको. शेवटचा आकडा छोटा असेल तर पुढे शून्यं लावून चार अंक पुरे करायचे. पाटीवर नुसतं ४५ असलं तरी टाकायचं ००४५. ‘रेकॉर्ड सापडलं नाही’ असं आलं तर आधी हेच तपासा.

दुसरं, केंद्राचं परिवहन ई-चलान पोर्टल. आरटीओच्या वायुवेग पथकाने (रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या फिरत्या पथकाने) पकडलं असेल तर ते इथे शोधायचं. इथे चेसिस किंवा इंजिनचे शेवटचे पाच आकडे मागतात, चार नाही. पुणे एक्स्प्रेसवेवर २०२४ पासून कॅमेरा यंत्रणा लागली आहे; चारचाकीवाल्यांनी तिथून आल्यावर दोन्ही पोर्टलं बघावीत. लायसन्स नंबरवरही इथे शोधता येतं. वडिलांची गाडी तुम्ही चालवत असताना अडवलं असेल तर नोंद तुमच्या लायसन्सवर असू शकते, म्हणून दोघांचे लायसन्स नंबर टाकून पाहा.

तिसरं, व्हर्च्युअल कोर्ट. ई-कोर्ट्सच्या या साइटवर आधी राज्य आणि खातं निवडायचं असतं. महाराष्ट्राच्या नावाची जेवढी खाती यादीत दिसतील तेवढी सगळी उघडून बघा, एकावर थांबू नका. शोध मोबाईल नंबर, चलान किंवा गाडी नंबर, नाव, सीएनआर नंबर (कोर्टाने प्रत्येक केसला दिलेला ओळख नंबर), यांतल्या कशानेही होतो. नावाने शोधताना स्पेलिंग आरसीवर आहे तसंच हवं. केस सापडली की दोन पर्याय येतात : प्रस्तावित दंड भरतो, किंवा केस लढवतो. दंड भरला की केस निकाली. लढवतो म्हटलं की ती नेहमीच्या कोर्टाकडे जाते आणि तारीख लागते. ते बटण ‘बघूया काय होतं’ म्हणून दाबायचं नाही.

इथेही नसेल आणि समन्स किंवा मेसेजमध्ये केस नंबर असेल, तर ई-कोर्ट्स सर्व्हिसेसच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर जा. सीएनआर नंबर १६ अक्षरं-आकड्यांचा असतो. पहिली चार अक्षरं राज्य आणि जिल्ह्याची, पुढचे दोन आकडे कोर्टाचे, मग सहा आकडे केसचे आणि शेवटचे चार वर्षाचे. तो असेल तर एका फटक्यात कोर्ट, खोली, पुढची तारीख दिसते. नसेल तर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाका, पण त्याआधी कोर्ट संकुल बरोबर निवडा : किल्ला कोर्ट, गिरगाव, दादर, वांद्रे, अंधेरी, कुर्ला, विक्रोळी, मुलुंड, बोरिवली वगैरे. कोर्ट ठरतं ते गुन्हा जिथे घडला त्या हद्दीवरून. गाडी एमएच ०३ म्हणजे वडाळा आरटीओची म्हणून केस वडाळ्याजवळ असेल, हा हिशेब चुकीचा. सायनला राहणाऱ्याचं दहिसरचं चलान बोरिवलीला निघतं.

आता तुमचे २,५००. भरायच्या आधी ही रक्कम फोडून बघा. राज्यात सुधारित दर डिसेंबर २०२१ पासून लागू आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खालच्या किरकोळ गुन्ह्याला, उदाहरणार्थ नो पार्किंगला, पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडलात तर १,५००. विनाहेल्मेटला ५००. म्हणजे एक नो पार्किंग, दुसरं नो पार्किंग आणि एक हेल्मेट : ५०० + १,५०० + ५०० = २,५००. तुमचंही असंच जुळत असेल तर तीन चलान नंबर मिळायलाच हवेत. तीनही हातात येईपर्यंत एकही भरू नका, कारण तो १,५०० चा वाढीव दर आधीच्या ५०० च्या चलानावर उभा आहे. पहिलंच चलान चुकीच्या गाडीचं निघालं तर दुसऱ्याचा वाढीव दरही वादात येतो. पहिलं भरून बसलात की तो मुद्दा हातचा गेला.

म्हणून प्रत्येक चलानाचा फोटो उघडा आणि मोठा करून पाहा. घाईत लोक फक्त रक्कम बघतात. पाहायचं ते हे : पाटीवरचा नंबर पूर्ण वाचता येतो का, स्कूटरचा रंग, मागचा दिवा, आरसे, सीटचं कव्हर, डिक्कीवरचं स्टिकर. इंग्रजी आठ आणि बी, शून्य आणि डी, एक आणि सात यांची गल्लत नेहमीची. तुमची काळी अ‍ॅक्टिव्हा आणि फोटोत लाल मोटारसायकल असेल तर विषय तिथेच संपला. फोटोत तुमच्याच मॉडेलची, त्याच रंगाची पण दुसरीच गाडी असेल तर प्रकरण बनावट पाटीचं आहे. ते अंगावर काढू नका. चलानाच्या तक्रारीबरोबर जवळच्या पोलिस ठाण्यातही लेखी तक्रार द्या, कारण तीच पाटी उद्या अपघातात निघू शकते.

कॅमेऱ्याच्या चलानाला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७ए लागतो. त्यात तारीख, वेळ, ठिकाण, पाटी दिसणारा फोटो, वेगाचं असेल तर यंत्राचं मोजमाप आणि मोडलेलं कलम हवं, आणि गुन्ह्यानंतर १५ दिवसांत नोटीस पाठवायला हवी. तक्रार लिहिताना यातलं नेमकं काय नाही ते सांगा. ‘मी असं काही केलं नाही’ एवढ्यावर कोणी हलत नाही. तक्रार पोर्टलवर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर करता येते. सोबत आरसी, गाडीचे पुढून-मागून-बाजूने फोटो आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे असल्याचा पुरावा जोडा. चारचाकीला फास्टॅगचा उतारा उत्तम. दुचाकीला ऑफिसच्या पार्किंगची नोंद किंवा गॅरेजचं बिल चालतं. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर कागदांचा संच घेऊन वरळीच्या वाहतूक पोलिस मुख्यालयात जा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोचचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.

लोकअदालतीबद्दल. तुमचं प्रकरण बहुधा ‘दाखलपूर्व’ आहे, म्हणजे केस अजून कोर्टात नोंदलेली नाही, तडजोडीसाठी बोलावलंय. दंड मान्य असेल तर तारखेची वाट कशाला बघायची? चलान पोलिसांच्या पोर्टलवर ‘अनपेड’ दिसत असेल तर घरूनच भरा, पावती काढा, लोकअदालतीत जायचं कारण उरत नाही. तिथे हमखास सवलत मिळते ही व्हॉट्सअ‍ॅपवरची समजूत आहे. तिच्या भरवशावर थांबू नका. आणि तिथे मान्य केलं की ते अंतिम, त्यावर अपील नाही. फोटोवर आक्षेप असेल तर मान्यतेची सही करू नका, आक्षेप लेखी द्या.

दारू पिऊन चालवण्याचं कलम १८५ या सगळ्याच्या बाहेर आहे. त्याला तडजोड शुल्क (कोर्टात न जाता भरून मोकळं व्हायची रक्कम) नाही, ते पोर्टलवर भरता येत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. पहिल्या वेळी १०,००० दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तिथे वकील लागतो.

बाकी कोर्टात जायची वेळ आलीच तर समन्स नीट वाचा. कलम २०८ खाली किरकोळ गुन्हा पोस्टाने कबूल करून दंड पाठवायची मुभा समन्समध्येच दिलेली असू शकते. प्रत्यक्ष जायचं तर ज्याच्या नावाने समन्स आहे त्याने जायचं. वडिलांच्या नावाचं असेल तर मुलाने ‘मी चालवत होतो’ सांगून भागत नाही. गाडी कोण चालवत होतं ती माहिती देणं कलम १३३ प्रमाणे मालकाचं काम. वय किंवा आजारपण असेल तर वकीलपत्र द्या. मूळ आरसी, लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी, आधार आणि सगळ्यांच्या झेरॉक्स बरोबर हव्यात. सकाळी लवकर पोचून खोलीबाहेरच्या बोर्डावर केसचा अनुक्रमांक पाहा आणि मग दाराजवळच थांबा. पुकारा झाला आणि तुम्ही चहाला गेलेले, की गैरहजेरी लागते आणि पुढे वॉरंटपर्यंत जातं. दंड झाला की कॅश काउंटरची पावती घ्या आणि तिच्यावरचा केस नंबर तिथेच ताडून पाहा.

कोर्टात भरलं तरी पोलिसांच्या पोर्टलवर ते चलान थकीत दिसत राहू शकतं, कारण दप्तरं वेगळी. अशा वेळी तिथे दुसऱ्यांदा भरू नका. कोर्टाची पावती घेऊन नोंद बंद करायचा अर्ज द्या. ऑनलाइन भरताना पैसे कापले पण ‘पेंडिंग’च दिसतंय, तरी तेच : ट्रान्झॅक्शन नंबर जपा, काही दिवस थांबा, बँकेत पैसे परत आलेत का बघा, मगच पुन्हा भरा.

जुनी चलानं आपोआप रद्द होतात का, हेही पुढे विचारलं जातंच. फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत आहे (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ५१४), पण योग्य कारण असेल तर कोर्ट ती वाढवू शकतं. शिवाय हा कोर्टात मांडायचा मुद्दा आहे. पोर्टल त्यासाठी काही पुसत नाही, आणि गाडी नावावर करताना आरटीओत थकबाकी अडते ती अडतेच. १,५०० रुपयांसाठी हा वाद घालण्यात वकिलाची फीसुद्धा निघत नाही, हे माझं स्पष्ट मत.

आणि तो मेसेज. त्यातली लिंक दाबू नका, साइट स्वतः टाइप करून उघडा. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ हवंच. कोणाच्या खाजगी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल आली असेल तर ती खात्रीने फसवणूक आहे, फोनमध्ये घेऊ नका. घेतली असेल आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा.

तुम्हाला आधीचे मेसेज का आले नाहीत, तेही बघून घ्या. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर बहुतेकदा शोरूमवाल्याचा किंवा पासिंग करून देणाऱ्याचा असतो. परिवहनच्या वाहन सेवेत चेसिस, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख टाकून तो बदलता येतो. तिथे नाव जुळत नाही म्हणून अडलं, तर वडिलांचं आधार आणि आरसी घेऊन वडाळा आरटीओत जावं लागेल.