वाचकांचे प्रश्न: मसल कार घ्यायची तर आधी टाकीवरचा कागद शोधा

मागच्या अंकात मसल कारचा (साठ-सत्तरच्या दशकातल्या मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्या) ओझरता उल्लेख केला होता तर एवढे मेल आले की हा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. प्रश्न थोडे छाटलेत, भावना तशाच ठेवल्यात.

प्रश्न : नमस्कार दादा, मी ट्रॉय, मिशिगनला असतो. मुलं कॉलेजला गेली, गॅरेजमध्ये एक जागा मोकळी झालीय. १९६९ ची शेवरले शेव्हेल एसएस ३९६ बघून आलो, लाल, काळे स्ट्राइप्स, एकदम टकाटक. मालक म्हणतो नंबर्स मॅचिंग आहे, म्हणजे इंजिन मूळचंच. टोकन देऊन टाकू का?

थांबा जरा. खिशात हात घालायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या, ६९ साली एसएस ३९६ (सुपर स्पोर्ट, इंजिन ३९६ घन इंचाचं) हे वेगळं मॉडेलच नव्हतं, ते झेड२५ नावाचं ऑप्शन पॅकेज होतं. त्यामुळे डॅशवरच्या व्हीआयएन (गाडीचा फॅक्टरीने दिलेला ओळख क्रमांक) प्लेटवर सुरुवातीला १३६३७ दिसलं तर त्यातून एवढंच कळतं की ही व्ही८ वाली मालिबू (शेव्हेलचाच एक प्रकार) कूपे आहे, एसएस आहे की नाही ते ती प्लेट सांगूच शकत नाही. ६६ ते ६८ च्या गाड्यांत व्हीआयएन १३८ ने सुरू झाला की एसएस पक्की, म्हणून लोक तोच हिशोब ६९ ला लावतात आणि साधी मालिबू एसएसच्या भावात घरी आणतात. बॅज, ग्रिल, हूड, स्ट्राइप्स सगळं कॅटलॉगमधून नवं मिळतं हो, त्यात काही अवघड नाही.

मग बघायचं काय? इंजिनच्या पुढच्या बाजूला, पॅसेंजर साइडच्या हेडच्या अगदी पुढे ब्लॉकवर एक छोटी सपाट जागा असते तिला पॅड म्हणतात, तिथे इंजिनचा कोड आणि गाडीच्या व्हीआयएनचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. तो नंबर जुळला म्हणजे झालं असं नाही, कारण नंबर घासून परत ठोकणारे लोक आहेत. पॅडवर फॅक्टरीच्या मशीनच्या बारीक सरळ रेघा दिसायला हव्यात, जर ती जागा आरशासारखी गुळगुळीत असेल किंवा ग्राइंडरचे गोल ओरखडे असतील तर मला तरी शंका येईल. मग ब्लॉकवर ओतलेली तारीख वाचा, पहिलं अक्षर महिना, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. आणि हूड उघडल्यावर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) जी ट्रिम टॅग नावाची पट्टी आहे तिच्यावर ०४बी असं काही असेल तर बॉडी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली. आता बॉडी एप्रिलची आणि ब्लॉक मे मध्ये ओतलेला असेल तर मालकाला चहा पाजा आणि घरी या, इंजिन गाडीनंतर जन्माला आलंय.

सगळ्यात भारी पुरावा म्हणजे बिल्ड शीट. लाइनवरच्या कामगारांना ह्या गाडीत काय काय बसवायचं ते सांगणारा कागद, तो काम झाल्यावर बऱ्याचदा पेट्रोल टाकीच्या वर नाहीतर सीटच्या स्प्रिंगमध्ये तसाच राहून गेला. टाकी खाली उतरवल्याशिवाय तो दिसत नाही, आणि शेवरलेच्या बाबतीत तो जास्तच महत्त्वाचा कारण अमेरिकेत विकलेल्या त्या काळातल्या शेव्हेलचं रेकॉर्ड मागवायला कुठे सोयच नाही. दुसरं म्हणजे प्रोटेक्ट-ओ-प्लेट, वॉरंटीच्या पुस्तकातली छोटी धातूची पट्टी, तिच्यावर इंजिन आणि एक्सलचे कोड असतात. यातलं काहीच नसेल तर गाडी वाईट असं मी म्हणत नाही, पण किंमत मग क्लोनची, म्हणजे एसएससारख्या सजवलेल्या साध्या गाडीची द्या. मालक भावनिक होईल, होऊ दे.

(पाँटिअ‍ॅक घेणाऱ्यांचं नशीब चांगलं, पीएचएस (पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) कडे फॅक्टरीच्या बिलांच्या नोंदी आहेत, पैसे भरा आणि तुमची जीटीओ खरी का ते घरबसल्या कळतं. ६४ आणि ६५ ची जीटीओ हा सुद्धा पाँटिअ‍ॅकच्याच ल मांस मॉडेलवरचा ऑप्शनच होता बरं का, २४२ ने सुरू होणारा व्हीआयएन ६६ पासून. फोर्डवाल्यांना १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी फॅक्टरीच्या नोंदींवरून काढलेला मार्टी रिपोर्ट मिळतो. शेवरलेवाल्यांनीच टाकीखाली झोपायचं.)

प्रश्न : सर, टेक्सासमध्ये दोन १९७० च्या प्लिमथ रोड रनर बघितल्या, दोन्ही ३८३. एक पूर्ण रिस्टोअर केलेली, चकाचक. दुसरी फॅक्टरी पेंटची आहे पण रंग उडालाय, डॅश फाटलाय, सीटला भोक आहे, आणि ह्याचे पैसे तो पहिल्यापेक्षा जास्त मागतोय! डोकं फिरलंय का त्याचं?

नाही फिरलं, त्याला माहितीय त्याच्याकडे काय आहे ते. रिस्टोअर केलेली गाडी परत परत करता येते, पैसे आणि वेळ असेल तर दरवर्षी करा, पण फॅक्टरीने मारलेला पेंट एकदाच मारला जातो. आणि खरं सांगू का, त्या काळात ह्या गाड्या काही देखण्या बनत नव्हत्या, पेंटला संत्र्याच्या सालीसारखा पोत, दाराच्या आत ओव्हरस्प्रे, फ्रेमवर खडूच्या खुणा. आज रिस्टोअर करणारे इतकं गुळगुळीत करतात की ती गाडी १९७० साली कधीच तशी नव्हती. कलेक्टरला त्या खडूच्या खुणा हव्या असतात.

उदाहरण देतो, स्टीव मॅक्क्वीनने १९६८ च्या 'बुलिट' पिक्चरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चढांवरून उडवलेली ती हिरवी मस्टँग. एका घरात १९७४ पासून पडून होती, पेंट गेलेला, गंज, डेंट. त्यांनी ती चकचकीत करायच्या फंदात न पडता तशीच ठेवली आणि जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात किसिमीच्या लिलावात ३४ लाख डॉलरला हातोडा पडला, वरची फी वेगळी. पिक्चरचं नाव होतं म्हणून एवढी किंमत हे मान्य, पण ती रंगवून आणली असती तर कॅमेरा बसवायला केलेल्या खुणा वगैरे गेल्या असत्या आणि हीच ती गाडी हे पटवून देताना नाकी नऊ आले असते.

आता तुमच्या रोड रनरकडे. मोपारमध्ये (म्हणजे प्लिमथ, डॉज, क्रायस्लर गाड्यांत) एक सोय आहे, व्हीआयएनचं पाचवं अक्षर म्हणजे इंजिन. ७० साली एन म्हणजे ३८३, व्ही म्हणजे ४४० तीन कार्ब्युरेटरवाली, आर म्हणजे ४२६ हेमी. हूडखाली ड्रायव्हर साइडच्या इनर फेंडरवर टॅग असतो, त्याच्यावरच्या पेंट कोडचा रंग आणि गाडीचा रंग एकच आहे ना बघा. पेंट मोजायचं गेज घेऊन जा, फॅक्टरी पेंट साधारण ४ ते ६ मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) भरतो, एका जागी ५ आणि मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर ४० आलं की तिथे खाली पुट्टी आहे.

टेक्सासच्या उन्हाने डॅश आणि सीट खाल्लं म्हणून नाक मुरडू नका, ऊन पत्रा खात नाही. आमच्या मिशिगनला बरोब्बर उलटं, आतून गाडी मस्त आणि रस्त्यावरच्या मिठाने खालून चाळण झालेली. तरी डिकीचा तळ, मागच्या क्वार्टर पॅनेलचा खालचा भाग, मागच्या स्प्रिंग जिथे अडकवतात ते रेल आणि पुढच्या टॉर्शन बारचा क्रॉसमेंबर हे स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या बाजूने ठोकून बघाच, कारण ह्या गाडीला वेगळी चासी नाही, पत्रा गेला म्हणजे गाडीच गेली. व्हिनाइल टॉप असेल तर मागच्या काचेच्या खालची कड बघा, पाणी तिथे साठतं.

तळ शाबूत असेल तर मी दुसरी घेईन. आणि घेतल्यावर हात शिवशिवतील ते आवरा! ब्रेकचे होज, टायर, पेट्रोलचे पाइप बदला कारण जीव महत्त्वाचा, पण काढलेली प्रत्येक वस्तू, अगदी होजची क्लिपसुद्धा, पिशवीत नाव लिहून ठेवा. पॉलिश मारताना कडांवर जपून, तिथे पेंट पातळ असतो. हॉर्न चालतोय का तेही बघा, त्या कार्टूनमधल्या पक्ष्याच्या नावासाठी प्लिमथने वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर मोजले होते आणि हॉर्न त्याच्यासारखा वाजला नाही तर रोड रनर घेऊन उपयोग काय.

प्रश्न : ४५४ शेव्हेल १९७१ ची ३६५ हॉर्सपॉवर आणि १९७२ ची २७०, हे कसं? ७२ ची घेऊ नये का?

इंजिन जवळपास तेच, मोजायची पद्धत बदलली. आधी ग्रॉस मोजायचे म्हणजे इंजिन स्टँडवर, एअर क्लीनर, एक्झॉस्ट वगैरे ओझं न लावता. ७२ पासून नेट, गाडीत बसवलेलं असतं तसं. खरा फरक त्याआधी ७१ ला पडला, शेवरलेची मालक कंपनी जीएमने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवलं. १९७० ची एलएस६ इंजिनवाली ४५० हॉर्सपॉवरची, तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो, म्हणून ७२ ची त्यामानाने स्वस्त पडते. चालवायला घेत असाल तर बिनधास्त घ्या.

प्रश्न : काका, मी पुण्यात असतो. अमेरिकेतून एखादी इकडे आणता येईल का?

रजिस्ट्रेशनची वाट आहे, २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला विंटेज म्हणून नोंदवता येतं, नंबरात व्हीए येतं. पण ती रोज ऑफिसला न्यायची नाही हां, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. इंपोर्टचे नियम आणि ड्यूटी मात्र बदलत असतात म्हणून गाडी पसंत करायच्या आधी मुंबईत चांगला कस्टम्स क्लिअरिंग एजंट पसंत करा, त्याच्याकडून आकडा लेखी घ्या. आणि डावीकडे स्टिअरिंग असलेली सव्वापाच मीटरची गाडी तुमच्या सोसायटीच्या रॅम्पवर वळते का तेही एकदा टेप लावून बघा.

प्रश्न : आमचे हे म्हणतात ही इन्व्हेस्टमेंट आहे. खरं का हो? — एक गृहिणी, न्यू जर्सी

ताई, ह्यांना सांगा सिएटलला २०१४ मध्ये १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला गेली ती बातमी सगळे वाचतात, पण तशा बनल्याच होत्या ११. बाकी जनतेच्या गाड्या २००६-०७ ला आभाळात होत्या आणि २००८ च्या मंदीत धाडकन खाली आल्या, वर चढेपर्यंत ज्यांना विकणं भाग पडलं त्यांचं दिवाळं निघालं. त्यात लिलावात घेतली तर वर साधारण १० टक्के फी, मग ट्रान्सपोर्ट, मग कोरडं गॅरेज.

तरी घेणारच असतील तर दोन अटी घाला. पहिली, विकणाऱ्याचा ओळखीचा मेकॅनिक नको, त्या मॉडेलचा जाणकार इन्स्पेक्टर आपल्या पैशाने पाठवायचा, काही शे डॉलर जातात, जाऊ देत. दुसरी, इन्शुरन्स अ‍ॅग्रीड व्हॅल्यूचा घ्यायचा, म्हणजे किंमत आधीच कागदावर ठरलेली. साध्या पॉलिसीत घेतला आणि कोणी ठोकली तर अ‍ॅडजस्टर पन्नास वर्षांचा घसारा काढून दाखवेल. आणि पॉलिसीत तुमचंही नाव ड्रायव्हर म्हणून टाकून घ्या, ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, तिथे एक तरी फेरी तुम्ही मारायची.